टॅबचा पसारा आणि चार जीबी रॅम: ब्राउझर नीट कसा वापरायचा

मे महिन्यात भरदुपारी नागपुरात लॅपटॉप मांडीवर घेतला तर तो तसाही तापतोच, त्यात क्रोममध्ये पस्तीस-चाळीस टॅब उघडे असले की आतला पंखा असा घुरघुरतो की समोरचा कूलर शांत वाटते. मग लोक विचारतात भाऊ रॅम वाढवू का, नवीनच घेऊन टाकू का. थांबा जरा. बर्डीवर, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारात, जाऊन पैसे मोजायच्या आधी हे करून पाहा, फुकट आहे, आणि अर्ध्याहून जास्त लोकांचं काम यातच भागते.

सगळ्यात आधी रॅम कोण खाऊन राहिलं ते पाहायचं. क्रोम चालू असताना शिफ्ट धरून एस्केप दाबा. ब्राउझरचा स्वतःचा टास्क मॅनेजर उघडतो, विंडोजवाला नाही, हा वेगळा. त्यात मेमरीचा कॉलम आहे, त्याच्या नावावर क्लिक केलं की सगळ्यात खादाड गडी वर येते. बहुतेक वेळा वर दिसेल युट्यूब, जीमेल, व्हॉट्सॲप वेब, आणि एखादी बातम्यांची साइट जी तुम्ही सकाळी दोन मिनिटं पाहून विसरले पण तिच्या जाहिराती मागे अजून नाचूनच राहिल्या. खाली 'सबफ्रेम' लिहिलेल्या ओळी असतात, म्हणजे पानाच्या आत दुसऱ्या साइटवरून आलेला तुकडा, बहुतेक जाहिरात नाहीतर मधे डकवलेला व्हिडिओ. ओळ निवडा, 'एंड प्रोसेस' दाबा. टॅब जागेवरच राहतो, फक्त पान मरते, पाहिजे तेव्हा रिलोड करून घ्या. एज आणि फायरफॉक्समध्ये पण हेच दोन बटणं चालतात.

एवढ्या ओळी काऊन दिसतात? कारण क्रोम आला सप्टेंबर २००८ मध्ये तेव्हा त्यानं हीच गोष्ट वाजवून सांगितली होती, गूगलनं त्यासाठी चक्क एक कॉमिक छापलं होतं, की आमच्याकडे प्रत्येक टॅबची प्रोसेस वेगळी. त्याच्या आधी एक पान अडकलं की सगळा ब्राउझर झोपायचा आणि दहा टॅब सोबतच जायचे. क्रोमनं एकाच घरात प्रत्येकाची चूल वेगळी मांडून दिली, एकाची विझली तरी बाकीचे जेवतात, पण सरपण जास्त लागते ते लागतेच. म्हणून 'क्रोम लय रॅम खातो' ही तक्रार खरी आहे, फक्त तो फुकटात खात नाही, त्याच्या बदल्यात काहीतरी देऊन राहिला एवढं लक्षात ठेवा.

आता टॅबला झोपवायचं कसं, म्हणजे जो पाहून नाही राहिलो त्याची रॅम सोडवायची कशी. क्रोमच्या सेटिंगमध्ये परफॉर्मन्स म्हणून भाग आहे, तिथे मेमरी सेव्हर चालू करा. त्यात तीन पातळ्या आहेत, चार जीबीवाल्यांनी सरळ मॅक्सिमम ठेवावं. एजमध्ये याला स्लीपिंग टॅब म्हणतात, किती वेळानं झोपवायचं ते आपल्याला निवडता येते. फायरफॉक्स रॅम संपायला आली की बऱ्याच वेळात न पाहिलेले टॅब स्वतःच उतरवून टाकतो. झोपलेला टॅब वर पट्टीत दिसतच राहतो, क्लिक केलं की पान परत लोड होते.

आणि इथेच खरी गोम आहे. गाणं वाजत असलेला, पिन केलेला, अर्धवट फॉर्म भरलेला असे टॅब क्रोम शक्यतो झोपवत नाही, पण आपल्याकडचे फॉर्म काही एका पानात संपत नाहीत. पहिलं पान सेव्ह झालं, दुसऱ्या पानावर कागद अपलोड करायचे, तुम्ही उत्पन्नाचा दाखला शोधायला आलमारी उपसून राहिले, तोवर तो टॅब झोपला. परत आले, पान रिलोड झालं, साइट म्हणते सेशन एक्स्पायर्ड, आता घ्या नवीन ओटीपी. यावर उपाय सोपा आहे, त्याच परफॉर्मन्सच्या पानावर 'ऑलवेज कीप दीज साइट्स ॲक्टिव्ह' असं लिहिलेलं आहे, तिथे त्या पोर्टलचा पत्ता टाका. एजमध्ये पण अशीच यादी आहे. बँक, शिष्यवृत्ती, ॲडमिशन, रेल्वेचं तिकीट, हे सगळे त्यात घालून ठेवा, व्हॉट्सॲप वेब आपल्या मनानं ठरवा. मात्र साइटनंच ठराविक मिनिटांनी बाहेर काढायचं ठरवलं असेल तर ब्राउझर काही करू शकत नाही, तिथे कागद आधीच स्कॅन करून एका फोल्डरमध्ये ठेवून बसावं लागते.

याच्याहून मोठा घोळ होतो तो एकाच साइटवर दोन लॉगिन करताना, आणि हे मी सांगून सांगून थकलो. निकाल लागला की नंदनवन, सक्करदरा, मानेवाडा, कुठल्याही सेवा केंद्रात पाहा, खुर्च्यांवर पोरं, त्यांच्या मागे मायबाप उभे, आणि ऑपरेटर दादा एका पोराचा ओटीपी यायची वाट पाहता पाहता दुसऱ्या टॅबमध्ये दुसऱ्या पोराचं लॉगिन करतो. वेळ वाचते असं वाटते. पण टॅब दोन असले तरी कुकीज, म्हणजे कोण लॉगिन आहे ते लक्षात ठेवणाऱ्या साइटच्या चिठ्ठ्या, एकच असतात, साइटला दोन्ही टॅब एकच माणूस वाटतो. दुसऱ्यानं लॉगिन केलं त्या क्षणाला पहिल्या टॅबमधलं लॉगिन पण त्याचंच झालं, फक्त पडद्यावर अजून जुनंच नाव दिसून राहिलं. मग पहिल्याची टीसी अपलोड केली की ती जाते दुसऱ्याच्या खात्यात. कोणाला पत्ता लागत नाही, लागते तो छाननीत कागद जुळत नाही तेव्हा.

इन्कॉग्निटो, म्हणजे ब्राउझरची खासगी खिडकी, वापरा म्हणणारे असतात, ते एका जास्तीच्या माणसापुरतं ठीक आहे. एक नॉर्मल खिडकी आणि एक इन्कॉग्निटो, झाले दोन. तिसरा आला की फसले, कारण इन्कॉग्निटोच्या कितीही खिडक्या उघडल्या तरी त्या सगळ्या आपसात कुकीज वाटून घेतात. नीट करायचं तर दोन रस्ते. क्रोम आणि एजमध्ये वर कोपऱ्यात जो गोल फोटो दिसतो तिथून नवीन प्रोफाइल बनवा, गूगल खातं जोडायची गरज नाही, नाव द्या 'काउंटर एक', 'काउंटर दोन', रंग वेगळा द्या म्हणजे नजरेनं कळते. प्रत्येक प्रोफाइलच्या कुकीज वेगळ्या. दुसरा रस्ता फायरफॉक्सचा, आणि मला विचाराल तर हाच भारी आहे: 'मल्टी-अकाउंट कंटेनर्स' नावाचं एक्स्टेन्शन टाका, फायरफॉक्सवाल्या मोझिलाचंच आहे, फुकट आहे. मग एकाच खिडकीत प्रत्येक टॅब वेगळ्या डब्यात उघडता येतो, टॅबवर रंगाची रेघ येते, निळ्यात एक पोरगा, हिरव्यात दुसरा, नारिंगीत तिसरी, कोणाच्या कुकीज कोणाला दिसत नाहीत. नवीन टॅबच्या प्लसवर थोडा वेळ दाबून धरलं की कोणता डबा ते विचारते. ज्यांचं पोट फॉर्म भरण्यावर चालते त्यांनी आज टाकावं. आणि प्रोफाइल असो की डबा, माणूस उठून गेला की त्याचं लॉगआउट करायचं, विसरायचं नाही.

कीबोर्डचं पटापट सांगतो. कंट्रोल शिफ्ट टी दाबलं की चुकून बंद झालेला टॅब परत येतो, पुन्हा दाबलं की त्याच्या आधीचा, आणि लाइट गेली डेस्कटॉप बंद पडला तर परत चालू केल्यावर हेच दाबून पाहा, बहुतेक वेळा अख्खी खिडकी परत येते. लिंकवर माउसच्या चाकानं क्लिक केलं की ती नवीन टॅबमध्ये उघडते, टॅबवर चाक दाबलं तर टॅब बंद. कंट्रोल नऊ म्हणजे शेवटचा टॅब, कितीही असू दे. कंट्रोल शिफ्ट ए दाबलं की क्रोम उघड्या टॅबमध्ये शोधू देतो, फायरफॉक्समध्ये पत्त्याच्या जागी टक्क्याचं चिन्ह, स्पेस आणि मग शब्द लिहायचा. आणि 'नंतर वाचतो' म्हणून ठेवलेले तीस टॅब असतील तर कंट्रोल शिफ्ट डी, सगळे एका फोल्डरमध्ये बुकमार्क होतात, मग खिडकी बिनधास्त बंद करा. तुम्ही ते नंतर वाचणार नाही हे मला माहीत आहे, तुम्हाला पण माहीत आहे, पण निदान रॅम सुटते.

एक गोष्ट पोरांना सांगितली की खरी वाटत नाही, की एकेकाळी ज्या ब्राउझरवर जवळपास सगळं जग चालायचं त्यात टॅबच नव्हते. इंटरनेट एक्सप्लोरर ६ आला २००१ मध्ये. नेटस्केप नावाच्या तेव्हाच्या ब्राउझरला हरवून मायक्रोसॉफ्ट मोकळी झाली होती, समोर कोणी उरलं नाही, म्हणून पुढची आवृत्ती काढायला तिनं ऑक्टोबर २००६ उजाडू दिला. मधली पाच वर्षं नेट कॅफेत प्रत्येक लिंकची वेगळी खिडकी आणि खालची पट्टी गच्च. असं नाही की टॅबची कल्पना कोणाला सुचली नव्हती, ऑपेरा एकाच खिडकीत अनेक पानं आधीपासून उघडायचा, मोझिलाच्या जुन्या ब्राउझरात टॅब आले होते, सफारीत २००३ मध्ये आले. पण मायक्रोसॉफ्टला हलवलं फायरफॉक्सनं. नोव्हेंबर २००४ मध्ये १.० आला, लोक पळायला लागले, तेव्हा कुठे एक्सप्लोरर ७ मध्ये टॅब उगवले. नंतर क्रोमनं फायरफॉक्सला दमवलं, एक्सप्लोरर तर जून २०२२ मध्ये मायक्रोसॉफ्टनं स्वतःच गुंडाळला.

हे सांगायचं कारण असं की आज आपण परत तिथेच चाललो आहे. दुकान भरलेलं दिसते, क्रोम, एज, ब्रेव्ह, ऑपेरा, विवाल्डी, आपल्या झोहोचा उला, पण झाकण उघडलं तर सगळ्यांच्या आत एकच क्रोमियम, म्हणजे गूगलचा तोच सांगाडा ज्यावर क्रोम उभा आहे. ऑपेरानं २०१३ मध्ये स्वतःचं इंजिन, म्हणजे पान पडद्यावर काढणारा आतला भाग, सोडलं, एजनं २०२० मध्ये. वेगळं इंजिन उरलं दोघांकडे, ॲपलच्या सफारीकडे आणि फायरफॉक्सकडे, आणि सफारी विंडोजवर मिळत नाही. म्हणून क्रोम आवडत असेल तर खुशाल वापरा पण सोबत दुसरा ब्राउझर टाकायचा तर फायरफॉक्स टाका, क्रोमसोबत ब्रेव्ह टाकला तर इंजिनाच्या हिशेबानं एकच झाला. फायदा रोजच्या कामात पण दिसते: एखादं पोर्टल एकात अडून बसलं, सबमिटचं बटण दबतच नाही, तर दुसऱ्यात उघडून पाहा, तिथे चाललं म्हणजे गडबड तुमच्या नेटची नाही. तिथेही नाही चाललं तर बहुतेक सर्व्हरच झोपला, जाऊन तर्री पोहे खाऊन या.

फायरफॉक्स टाकल्यावर सेटिंगमध्ये 'इम्पोर्ट ब्राउझर डेटा' आहे, बुकमार्क, हिस्ट्री क्रोममधून उचलून आणते, त्यामुळे माझं सगळं तिकडे आहे हे कारण चालत नाही. विंडोज ११ मध्ये सेटिंग, ॲप्स, डिफॉल्ट ॲप्स असं जाऊन पाहिजे तो ब्राउझर निवडायचा आणि वर 'सेट डिफॉल्ट' दाबायचं. अँड्रॉइडवर पण सेटिंगमध्ये डिफॉल्ट ॲप्स शोधा, ब्राउझर ॲप बदलता येते. बहुतेक लोक कधीच बदलत नाहीत, फोनसोबत जे आलं तेच वापरतात, आणि हे कंपन्यांना पक्कं माहीत आहे. आपल्या स्पर्धा आयोगानं ऑक्टोबर २०२२ मध्ये गूगलला १,३३७.७६ कोटींचा दंड ठोकला त्यात एक मुद्दा हाच होता, की फोन बनवणाऱ्यांना क्रोमसकट गूगलची ॲपं आधीच घालून द्यायला लावत होते.

फोनवर टॅबचा पसारा डोळ्यांना दिसत नाही म्हणून तो जास्त वाढतो. अँड्रॉइडच्या क्रोममध्ये वर चौकोनात आकडा असतो, शंभर झाले की आकडा जाऊन तिथे हसरा चेहरा येते, तो शाबासकीचा समजू नका. चौकोनावर टिचकी मारा, तीन टिंबांमधून 'क्लोज ऑल टॅब्स', पण आधी एकदा खालून वर नजर फिरवा, तिकिटाचं किंवा पेमेंटच्या पावतीचं पान असेल तर स्क्रीनशॉट घेऊन मगच. आयफोनवाल्यांना सफारीच्या सेटिंगमध्ये 'क्लोज टॅब्स' मिळेल, एक दिवस, एक आठवडा की एक महिना ते ठरवा, पुढचं तो स्वतःच झाडून काढते. मी एक आठवडा ठेवला आहे, आईच्या फोनवर एक महिना, कारण तिनं उघडून ठेवलेली रेसिपी बंद झाली तर फोन मलाच येते.