हार्ड जॉब टर्न करताना इन्सर्ट कधी फिरवायचा?

हार्डनिंग करून आलेला ५८ ते ६२ एचआरसीचा (रॉकवेल कडकपणा) जॉब सीबीएन (क्युबिक बोरॉन नायट्राइड) इन्सर्टने, म्हणजे होल्डरमध्ये बसवायच्या कापणाऱ्या तुकड्याने, लेथवर टर्न करत असाल, तर कड तुटायची वाट पाहू नका. अधूनमधून मशीन थांबवून कड दहापट भिंगाखाली बघा. कडेच्या लगेच खाली, फ्लँकवर (इन्सर्टच्या जॉबकडच्या बाजूवर), चकचकीत पट्टी दिसते, तीच झीज. सर्वसाधारण कामात ती ०.३ मिमीपर्यंत चालवतात, पण फिनिशिंगला मी ०.१५ मिमीच्या आसपासच इन्सर्ट फिरवून नवा कोपरा घेतो.

कारण बोथट कड कापण्यापेक्षा घासते जास्त. बाहेरचा व्यास हळूहळू वाढत जातो, ऑफसेट (मशीनवर टूलच्या मापाची दुरुस्ती) सतत द्यावा लागतो. त्याहून वाईट म्हणजे उष्णतेने पृष्ठभागावर अतिशय पातळ, ठिसूळ पांढरा थर तयार होतो. वरून जॉब छान चमकतो, मायक्रोमीटरही ओके दाखवतो, पण बेअरिंगच्या सीटवर असा थर राहिला तर पुढे तिथूनच तडे जाऊ शकतात.

सुरुवात मिनिटाला १२० ते १५० मीटर वेग, फेऱ्यामागे ०.१ मिमी फीड आणि ०.१ ते ०.२ मिमी खोल कटाने करा. टूल वाचवायला स्पीड फार खाली आणू नका; कापतानाची उष्णताच कडेपुढचा धातू मऊ करते.

जॉबवर की-वे (चावीची खाच) किंवा आडवं भोक असेल तर कूलंट बंदच ठेवा, कारण तिथे कट सारखा तुटतो. तापणं आणि एकदम थंड होणं या झटक्यांनी कडेवर बारीक भेगा पडतात आणि टवके उडतात. आणि हो, होल्डर शक्य तितका आखूड बाहेर ठेवा. थरथर सीबीएनला अजिबात सोसत नाही.