मुंबईच्या बाल्कनीतला हायड्रेंजिया: या चुका टाळा

नर्सरीतून फुलांनी लगडलेली हायड्रेंजियाची कुंडी घरी येते आणि पावसाळा संपेपर्यंत तिच्यात बहुतेकदा काड्याच उरतात. मुंबईत ही झाडं तहानेने क्वचितच मरतात. जातात ती जास्तीच्या पाण्याने.

पानं लोंबली की लगेच पाणी

हायड्रेंजियाची पानं मोठी आणि पातळ. दुपारी त्यांतून जेवढं पाणी उडून जातं, तेवढं मुळं पुरवू शकत नाहीत. म्हणून माती ओली असतानाही पानं माना टाकतात. त्यावर आणखी पाणी ओतलं की मातीतली हवा जाते आणि मुळं कुजतात. कुजलेली मुळं पाणी ओढत नाहीत, पानं अजूनच लोंबतात, आणि आपण पुन्हा तांब्या घेऊन हजर.

आधी बोट दोन इंच मातीत घाला. कोरडं लागलं तर तळातून पाणी येईपर्यंत द्या. ओलं लागलं तर कुंडी सावलीत सरकवा आणि संध्याकाळी सात-आठ वाजता बघा. पानं सावरली असतील तर दोष जागेचा. दुसऱ्या दिवशी सकाळीही माती ओली आणि पानं लोंबलेलीच असतील, तर झाड उपसा. तपकिरी, लिबलिबीत मुळं कापून टाका, फांद्या एक तृतीयांश कमी करा आणि उरलेली मुळं जेमतेम मावतील अशा छोट्या कुंडीत नव्या मिश्रणात (प्रमाण पुढे दिलंय) लावा.

पूर्वेची बाल्कनी उत्तम: दहा-साडेदहापर्यंतचं ऊन, नंतर उजेडाची सावली. पश्चिमेचं ग्रिल नको, आणि एसीच्या आउटडोअर युनिटसमोर तर अजिबात नको.

लावतानाच होणारी चूक

विकत आणलेल्या रोपाच्या मुळांचा गोळा बहुधा निव्वळ कोकोपीटचा, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुश्याचा असतो. तो तसाच मातीत बसवला तर बाहेरची माती ओली आणि आतला गोळा कोरडा राहतो. गोळा पंधरा-वीस मिनिटं बादलीत बुडवा, कडेची मुळं बोटांनी मोकळी करा आणि मगच १२ इंची कुंडीत लावा. मिश्रण: ४ भाग धुतलेलं कोकोपीट, ३ भाग लाल माती, २ भाग गांडूळखत, १ भाग परलाइट (हलके, पांढरे, सच्छिद्र खडे). तळाशी विटांचे तुकडे घालायची जुनी सवय सोडा. त्याने निचरा सुधारत नाही, मुळांची जागा मात्र कमी होते. छिद्रावर जाळीचा तुकडा पुरतो. जून ते सप्टेंबर कुंडी छपराखाली ठेवा आणि खालची ताटली काढाच, डासांच्या अळ्यांसाठीही.

दुसऱ्या वर्षी फुलं नाहीत

इथे खताला दोष देण्यात अर्थ नाही. नेहमीच्या मोठ्या पानांच्या जातीला कळी धरायला सहा ते आठ आठवडे साधारण १८ अंशांखालच्या रात्री लागतात. बोरिवली-पवईकडे जानेवारीत काही रात्री तशा मिळतात. समुद्रकाठी फारच कमी. नत्र (नायट्रोजन) वाढवलं तर पानांचं रान माजेल, एवढंच. सप्टेंबरपासून नत्र थांबवा आणि थंडीत कुंडी रात्रीच्या मोकळ्या हवेत ठेवा. तरीही फुलांची खात्री नाही. दरवर्षी गुच्छ हवेच असतील तर हे झाड हंगामी समजा, नाहीतर महाबळेश्वरात नातेवाईक शोधा.

मिळणारी संधी छाटणीत घालवू नका. कळ्या जुन्या फांदीच्या टोकाशी धरतात, त्यामुळे दिवाळीनंतरची ‘साफसफाई’ म्हणजे पुढच्या फुलांची कत्तल. फुलं सुकली की लगेच, गुच्छाखालच्या पहिल्या टपोऱ्या डोळ्यांच्या जोडीवर कापा.

रंगाचे प्रयोग

निळ्या रंगासाठी मातीत ॲल्युमिनियम हवं आणि ते मुळांना मिळण्यासाठी पीएच (मातीची आम्लता दाखवणारा आकडा, आम्लता जास्त तेवढा तो कमी) साधारण ५.५ च्या खाली हवा. ४ लिटर पाण्यात चहाचा एक चमचा तुरटीची पूड, महिन्यातून एकदा, आणि तीही ओल्या मातीतच. सोबत हाडांचा चुरा किंवा डीएपी खत घातलं तर त्यातलं स्फुरद (फॉस्फरस) ॲल्युमिनियमला बांधून ठेवतं आणि तुरटी वाया जाते. उमललेला गुच्छ रंग बदलत नाही, सुरुवात कळी दिसण्याआधी काही महिने करावी लागते. पांढऱ्या जातीवर तर तुरटी खर्चूच नका.

टँकर किंवा बोअरच्या जड पाण्याने पीएच चढतो. कोवळी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या दिसल्या तर लोहाची कमतरता समजा. चिलेटेड लोह (झाडाला सहज घेता येईल अशा रूपातलं लोह) लिटरला अर्धा ग्रॅम, संध्याकाळी फवारा. एसीच्या नळीतून ठिबकणारं पाणी इथे कामाला येतं, त्यात क्षार जवळपास नसतात.

पावसाळ्यात पानांवर जांभळट कडेचे ठिपके आले तर ती पानं तोडा, पाणी फक्त मातीत घाला. पसरले तर कॉपर ऑक्सिक्लोराइड हे बुरशीनाशक लिटरला अडीच ग्रॅम. एप्रिल-मेमध्ये पानामागे लाल कोळी ही बारीक कीड आहे का बघा आणि पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने धुऊन काढा.

पानं, कळ्या आणि फुलं पोटात गेल्यास विषारी असतात. घरात मांजर किंवा रांगतं मूल असेल तर कुंडी त्यांच्या आवाक्याबाहेर ठेवा आणि छाटलेल्या फांद्या लगेच कचऱ्यात टाका.