जुनी ओमनी एका बाजूला ओढतेय, पुढून खडखड येतेय? अलाइनमेंटला पळायच्या आधी या चुका टाळा

इंदौरात ओमनी अजून भरपूर दिसतात, शाळेच्या मुलांच्या, टिफिनच्या, केटरिंगच्या, आणि कित्येक मराठी घरांत सगळ्यांना कोंबून ओंकारेश्वरला जायची गाडी आजही हीच. मारुतीने ओमनी २०१९ मध्ये बंद केली, म्हणजे शेवटची गाडीसुद्धा आता जुनीच झाली. या गाडीत ड्रायव्हर जवळजवळ पुढच्या चाकावरच बसतो, त्यामुळे पुढचं काम, म्हणजे स्टिअरिंग आणि सस्पेन्शन, ढिलं ठेवून खंडवा रोडच्या भेरूघाटात उतरणं मला अजिबात पटत नाही.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे गाडी ओढायला लागली की सरळ अलाइनमेंटच्या, म्हणजे चाकांचा कोन जुळवायच्या, दुकानात जायचं. मशीनवर मुख्यतः टो, म्हणजे पुढची चाकं आत-बाहेर किती वळलीत तो कोन, सेट होतो, तो टाय रॉडच्या (स्टिअरिंगपासून चाकाला जोडणारी दांडी) लांबीवर, आणि टाय रॉड एंड (त्या दांडीच्या टोकाचा जॉइंट) किंवा बॉल जॉइंटमध्येच (चाक वळताना ज्यावर फिरतं तो गोळ्याचा सांधा) प्ले, म्हणजे ढिलेपणा, असेल तर सेटिंग टिकणार कुठे, पहिल्या खड्ड्यात गेलं. पैसे दिले, दोन दिवस बरं वाटलं, परत तेच. आधी प्ले शोधा.

प्ले शोधायला मशीन लागत नाही, एक माणूस सोबत लागतो. गाडी सपाट जागेवर, हँडब्रेक ओढलेला, मागच्या चाकांना दगड, आणि पुढून उचलली की खाली स्टँड लावायचाच, नुसत्या जॅकवर भरवसा ठेवून खाली घुसू नका. आता चाक वर-खाली पकडून हलवा. हललं तर व्हील बेअरिंग किंवा खालचा बॉल जॉइंट. दोन्हीतलं नक्की कोणतं, तर सोबतच्याला ब्रेक दाबून धरायला सांगा आणि परत हलवा, हलणं थांबलं तर बेअरिंग, तरी हलतंय तर बॉल जॉइंट किंवा लोअर आर्मचा बुश (चाकाला धरणाऱ्या खालच्या दांड्याच्या टोकाचं रबर). मग डावी-उजवीकडून पकडून हलवा, इथे हललं तर टाय रॉड एंड किंवा रॅक एंड (रॅक म्हणजे स्टिअरिंग फिरलं की डावी-उजवीकडे सरकणारी दांडी, तिच्या टोकाचा जॉइंट). पण हे दोन एंड चाक जमिनीवर असतानाच जास्त नीट कळतात, सोबतच्याला स्टिअरिंग थोडं थोडं डावी-उजवीकडे हलवायला सांगा आणि तुम्ही जॉइंटवर बोट ठेवा, ढिला जॉइंट बोटाला लगेच कळतो. रॅकचा रबर बूट फाटलाय का तेही तेव्हाच बघा, पावसाळ्यात माळव्याची काळी माती आत गेली की रॅक खराब व्हायला वेळ लागत नाही.

दुसरी चूक आवाजावरून पार्ट आणायची. वळताना टकटक आली की कोणीतरी म्हणणारच, "भिया, एक्सल गया." अहो ओमनीला मागच्या चाकांची ड्राइव्ह आहे, पुढे एक्सलचा जॉइंटच नाही तर जाईल काय! गाडी उभी असताना स्टिअरिंग फिरवून टंग असा आवाज येत असेल तर पुढच्या शॉकअपच्या (शॉक अब्सॉर्बर) वरचं माउंटिंग बघा, स्प्रिंगवर हलका हात ठेवून कोणाला तरी स्टिअरिंग फिरवायला सांगितलं की स्प्रिंग अडकून उडी मारतेय ते हाताला जाणवतं.

गाडी ओढतेय तर आधी दोन्ही टायरची हवा सारखी करा, हे इतकं साधं आहे की कोणी करतच नाही. मग पुढचे टायर डावे-उजवे बदलून चालवा, ओढ दुसऱ्या बाजूला गेली म्हणजे दोष टायरचा, सस्पेन्शनचा नाही. ओढ तशीच राहिली तर थोडं चालवून उतरा आणि चाकाजवळ हात न्या, एक चाक दुसऱ्यापेक्षा जास्त तापलं असेल तर त्या बाजूचा ब्रेक धरतोय. आणि आपले रस्ते कडेला डावीकडे उतरते असतात, तेव्हा जरा डावीकडे सरकणं हे दुखणं नाही, बायपासवर सपाट तुकडा बघून खात्री करा. ठरावीक स्पीडलाच स्टिअरिंग थरथरतंय तर आधी चाकांचं बॅलन्सिंग (वजन सगळीकडे सारखं करणं) आणि रिमच्या आतला चिखल, रिम वाकलीय का तेही.

टायर वाचायला शिका. हवा कमी असली तर दोन्ही कडा झिजतात, जास्त असली तर मधला पट्टा. नक्षीची एक बाजू बोटाला धारदार लागत असेल तर टो बिघडलाय, आणि मधे मधे खळगे पडले असतील तर शॉकअप गेलेत. शॉकअप जोडीनेच बदला, एकच नवा टाकला तर गाडी दोन बाजूंना वेगळी वागते.

आता फिटिंगच्या वेळची चूक, जी चांगले कारीगरही घाईत करतात. लोअर आर्मचा बुशवाला बोल्ट गाडी हवेत असतानाच फुल टाइट करतात, मग गाडी खाली आली की रबर कायम पिळलेलं राहतं आणि नवा बुश लवकर फाटतो. तो बोल्ट चाकं जमिनीवर टेकल्यावर टाइट करा. टाय रॉड एंड काढताना किती आटे फिरले ते मोजून ठेवा म्हणजे दुकानापर्यंत गाडी नीट जाईल, आणि जिथे स्प्लिट पिन (नट सुटू नये म्हणून घालून दुमडायची पिन) आहे तिथे नवीच टाका, जुनी सरळ करून नाही. एवढं झालं की मग अलाइनमेंट, आणि तेव्हा स्टिअरिंग सरळ लॉक करून घ्यायला सांगा, नाहीतर गाडी सरळ आणि स्टिअरिंग वाकडं हातात येतं.