खुब्याच्या बाहेरच्या बाजूचं दुखणं: ऑपरेशनशिवाय, चालणं न सोडता

आधी नेमकं कुठे दुखतं ते बोट ठेवून पाहा. जांघेत दुखत असेल आणि मोजे घालताना, पायाची नखं कापताना अडत असेल, तर खुद्द सांधा तपासायला हवा. नितंबातून खाली पायात कळ उतरत असेल, तर बहुधा कंबरेचा मणका. पण मांडीच्या वरच्या टोकाला, बाहेरून हाताला लागणाऱ्या हाडावर दुखत असेल, त्या कुशीवर झोपवत नसेल आणि जिना चढताना कळ येत असेल, तर पुढचं सगळं तुमच्यासाठी आहे. चाळिशीनंतरच्या बायकांत आणि धावणाऱ्यांत हे दुखणं बरंच दिसतं. घरच्या घरी एक परीक्षा करता येते: एक बोट भिंतीला टेकवून दुखऱ्या पायावर ३० सेकंद उभं राहा. त्याच हाडावर कळ आली तर संशय बळावतो.

काही वेळा मात्र व्यायाम सुरू न करता आधी डॉक्टरच गाठायचे. पडल्यानंतर पायावर भार घेता येत नसेल, ताप असेल, वजन उगाच घटत असेल, किंवा धावताना जांघेत दुखायला लागून प्रत्येक पावलाला वाढत असेल (मांडीच्या हाडाला बारीक तडा असू शकतो), तर थांबू नका. स्टिरॉइडच्या गोळ्या बराच काळ घेतलेल्यांनी जांघेतलं दुखणं अजिबात अंगावर काढू नये. खुब्याच्या हाडाचा रक्तपुरवठा तुटलेला असू शकतो.

रिपोर्टवर अनेकदा ‘बर्सायटिस’ (हाडाजवळच्या द्रवाच्या पिशवीची सूज) लिहिलेलं असतं, पण बहुतेकांत मूळ दुखणं टेंडनचं, म्हणजे स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोरीसारख्या पट्ट्याचं असतं. नितंबाचे ग्लुटिअस मीडिअस आणि मिनिमस हे स्नायू ज्या टेंडननी त्या हाडाला चिकटतात, ते टेंडन मांडी शरीराच्या मध्याकडे किंवा पलीकडे गेली की हाडावर दाबले जातात. दिवसभर हा दाब पडत राहिला, तर कितीही व्यायाम केला तरी रात्र वाईटच जाते. म्हणून पहिले दोन आठवडे लक्ष दाब काढण्यावर.

पायावर पाय टाकून बसणं बंद. रांगेत किंवा ओट्याशी एका पायावर कंबर झोकून उभं राहणं बंद. मूल कडेवर घेताना नेमकं हेच होतं. खुर्ची इतकी उंच हवी की गुडघे खुब्यापेक्षा वर येणार नाहीत. मांडी घालून बसताना गुडघे बाहेर जातात, त्यामुळे दाब तसा पडत नाही, पण जमिनीवरून उठताना कळ येते. पाटावर किंवा घडी घातलेल्या जाड ब्लँकेटवर बसा. झोपताना न दुखणारी कूस खाली घ्या आणि दोन्ही पायांमध्ये गुडघ्यापासून घोट्यापर्यंत पुरेल एवढी लांब उशी ठेवा. फक्त गुडघ्यांत छोटी उशी ठेवली तर पाऊल खाली लोंबतं आणि मांडी आत वळते.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो ताणण्यात. जागा आखडल्यासारखी वाटते, म्हणून लोक गुडघा विरुद्ध खांद्याकडे ओढतात, गोमुखासन करतात, अर्धमत्स्येंद्रासनात पीळ देतात. तेवढ्यापुरतं बरं वाटतं, पण मांडी पलीकडे गेल्यामुळे टेंडन पुन्हा हाडावर दाबला जातो. ही आसनं सध्या सोडा. त्या हाडावर जोरात मालिश किंवा फोम रोलरही नको.

आता व्यायाम. सुरुवात पाठीवर झोपून करायची. गुडघे वाकवा, पावलं एकमेकांपासून खुब्यांच्या रुंदीइतकी लांब ठेवा, गुडघ्यांच्या जरा वर ओढणी घट्ट बांधा आणि गुडघे बाहेर ढकला. जोर फक्त पावपट; ओढणी ताणलेली राहिली म्हणजे पुरे. १५ सेकंद धरून सोडा, असं पाच वेळा, सकाळ-संध्याकाळ. जोरात ढकललं की मांडीचे बाहेरचे स्नायूच काम उरकतात.

आठवड्याभराने एक दिवसाआड तीन व्यायाम जोडा, प्रत्येकी १० वेळा, दोन फेऱ्या. पाठीवर झोपून नितंब उचलणं. खुर्चीवरून हात न लावता उठणं, आणि बसताना तीन आकडे मोजत खाली येणं. तिसरा, १० ते १५ सेंटिमीटर उंच पायरीवर चढणं, आणि तोही आरशासमोर. कंबरेच्या दोन्ही बाजूंच्या हाडांवर बोटं ठेवा. चढताना पलीकडचं बोट खाली घसरलं किंवा गुडघा आत वळला, तर पायरी कमी करा. हे नीट जमेपर्यंत एका पायावरचे व्यायाम नकोत. पुढे पायरी २० सेंटिमीटरची, फेऱ्या तीन, हातात पाण्याची बाटली.

दुखण्याला ० ते १० गुण द्या. व्यायामात ३ पर्यंत चालेल. खरा निकाल रात्री आणि दुसऱ्या सकाळी: आदल्या दिवसापेक्षा जास्त दुखलं, तर भार कमी करायचा, व्यायाम बंद करायचा नाही.

चालणंही सोडायचं नाही. सपाट रस्ता, लहान पावलं, आणि कळ वाढायच्या आत परत. आधी अंतर वाढवा, मग वेग, आणि चढ सगळ्यात शेवटी. सिंहगड तोवर वाट पाहील. लंगडत असाल तर काठी दुखऱ्या बाजूच्या विरुद्ध हातात धरा. धावणाऱ्यांनी दर मिनिटाची पावलं ५ ते १० टक्क्यांनी वाढवावीत. पाऊल आखूड पडतं आणि खुब्यावरचा भार उतरतो.

इंजेक्शनबद्दल विचारलं जातंच. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या ऑस्ट्रेलियातल्या चाचणीत २०४ जणांना तीन गटांत विभागलं होतं. आठ आठवड्यांनी सवयी सुधारून व्यायाम करणाऱ्यांपैकी सुमारे ७७ टक्के, स्टिरॉइड इंजेक्शनवाल्यांपैकी ५८ टक्के आणि नुसती वाट पाहणाऱ्यांपैकी २९ टक्के लोकांना स्पष्ट फरक जाणवला. वर्षभरानंतर हेच आकडे ७९, ५८ आणि ५२ होते. रात्रीची झोपच होत नसेल तर एखादं इंजेक्शन घ्यायला हरकत नाही, पण कळ थांबली म्हणून लगेच डोंगर चढू नका. टेंडनची ताकद तेवढीच असते. तीन महिने नियमित व्यायाम करूनही फरक नसेल, तर फिजिओथेरपिस्टकडून पद्धत तपासून घ्या आणि टेंडन फाटला आहे का हे पाहायला सोनोग्राफी किंवा एमआरआयबद्दल अस्थिरोगतज्ज्ञांना विचारा.