उपग्रहाच्या मायक्रोवेव्हवरून हवेचं तापमान काढताय? या चुका टाळा

"उपकरणाच्या पाचव्या चॅनेलला, म्हणजे पाचव्या ठरावीक वारंवारतेला, २५८ केल्विन आलंय. म्हणजे उणे १५. मे महिन्यात कोल्हापुरात उणे १५ कसं शक्य आहे?" एमएस्सीच्या प्रोजेक्टला बसलेली मुलं हा प्रश्न हमखास विचारतात. मग कुणी फाइल खराब आहे म्हणतं, कुणी अक्षांश-रेखांश उलटे पडले म्हणून कोड तपासत बसतं. फाइल ठीक असते आणि कोडही.

हा आकडा म्हणजे ब्राइटनेस टेम्परेचर, उपग्रहाला मिळालेल्या मायक्रोवेव्ह ऊर्जेचं तापमानाच्या एककात मांडलेलं माप. हवेतला ऑक्सिजन ५० ते ७० गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात स्वतःची मायक्रोवेव्ह ऊर्जा बाहेर टाकतो. त्याचं प्रमाण सगळीकडे जवळजवळ सारखं असल्याने ही ऊर्जा किती, ते मुख्यतः तापमानावर ठरतं. पट्ट्याच्या मध्याजवळ शोषण इतकं जास्त की खालची ऊर्जा वर पोचतच नाही, उपग्रहाला फक्त वरची हवा दिसते. कडेला खालची दिसते. एएमएसयू-ए (हवामान उपग्रहांवरचं मायक्रोवेव्ह मोजणारं उपकरण) चं पाचवं चॅनेल ५३.६ गिगाहर्ट्झवर आहे. त्यात जमिनीपासून दहा किलोमीटरच्याही वरपर्यंतचा जाड थर मिसळलेला असतो आणि त्याचा सगळ्यात जास्त भार चार-पाच किलोमीटर उंचीवर पडतो. त्या सगळ्या थराची मिळून सरासरी उणे १५ येणं म्हणजे काही वावगं नाही. नववं चॅनेल बघाल तर उणे ७० च्या घरातला आकडा येईल, तोही बरोबरच. तेव्हा आधी त्या चॅनेलचं वेटिंग फंक्शन (कोणत्या उंचीचा किती भार, ते) काढून बघा आणि मगच आकड्याला नाव द्या.

दुसरी चूक जागेची. गावाचे अक्षांश-रेखांश टाकले, जवळचा पिक्सेल उचलला आणि आलेखावर 'कोल्हापूर शहर' लिहिलं, असं सर्रास चालतं. एएमएसयू-ए चा उपग्रहाच्या थेट खालचा ठसा सुमारे ४८ किलोमीटर व्यासाचा असतो. म्हणजे एका आकड्यात पन्हाळ्यापासून इचलकरंजीपर्यंतचा मुलूख बसतो. स्कॅनच्या कडेला तोच ठसा पसरून जवळपास १५० किलोमीटर लांब होतो. अशा ठशाचा मध्य गगनबावड्यावर आला, तर त्यात विजयदुर्गापलीकडचा समुद्रही येऊ शकतो. या लहरींत समुद्राची उत्सर्जकता (ऊर्जा बाहेर टाकण्याची क्षमता) जमिनीच्या निम्म्याच्या आसपास असते. त्यामुळे जमिनीचा अंश पकडणारी तिसरं-चौथं ही चॅनेलं एकदम थंड दिसू लागतात आणि घाटावर थंडीची लाट आल्याचा निष्कर्ष निघतो! शिवाय तिरकं बघताना हवेतला मार्ग लांबतो आणि चॅनेलचा भार वर सरकतो, म्हणून लिंब करेक्शन (या तिरकेपणाची दुरुस्ती) न करता मधला आणि कडेचा पिक्सेल शेजारी ठेवू नका.

पंचगंगेच्या पुरातही हाच घोळ होतो. २०१९ च्या ऑगस्टसारखं पाणी शेतांत उभं राहिलं की जमिनीची उत्सर्जकता घसरते. ३१.४ किंवा ५०.३ गिगाहर्ट्झचा आकडा खाली येतो, हवेचं तापमान मात्र फारसं हललेलं नसतं. सहाव्या-सातव्या चॅनेलला जमीन जवळजवळ दिसत नाही, तेव्हा तिथेही घसरण आहे का ते ताडून बघा. नसेल तर ते पाणी आहे.

आता ढग. मायक्रोवेव्ह ढगातून आरपार जाते, हे वाक्य पुस्तकात वाचून लोक निर्धास्त होतात. साध्या ढगाला ते बऱ्याच अंशी लागू आहे. वळवाच्या ढगाला नाही. एप्रिल-मेमध्ये दुपारनंतर जे काळे डोंगर चढतात, त्यांच्या वरच्या भागात बर्फ आणि गारा असतात. त्या खालून येणारी ऊर्जा विखुरतात आणि पाचव्या चॅनेलपर्यंत खोटी थंडी उतरते. ८९ गिगाहर्ट्झचं चॅनेल सोबत ठेवा. जमिनीवर ते झपकन खाली गेलं असेल, तर त्या पिक्सेलचं तापमान वापरू नका. (इन्सॅट-३डी मालिकेतला, उंचीनुसार तापमान काढणारा साउंडर मात्र इन्फ्रारेड आहे. तो साध्या ढगाखालीही बघू शकत नाही, त्यामुळे आपल्याकडच्या जून ते सप्टेंबरात दोन्हींची सरमिसळ म्हणजे डोक्याला ताप.)

पडताळणीला हवामान केंद्राचा फुगा वापरत असाल तर घड्याळ बघा. गोव्यासारख्या केंद्रावरचे फुगे ०० आणि १२ यूटीसीचे, म्हणजे आपल्या पहाटे आणि सायंकाळी साडेपाचचे. एएमएसयू-ए वाहणारा मेटॉप उपग्रह विषुववृत्त ओलांडतो सकाळी साडेनऊला, तेही स्थानिक सौर वेळेनुसार. कोल्हापुरात सौर वेळ भारतीय वेळेच्या अर्धा तास मागे, म्हणजे घड्याळात दहाच्या सुमारास. मधल्या साडेचार तासांत जमिनीलगतची हवा तापलेली असते. हा फरक उपकरणाच्या माथी मारू नये.

सगळ्यात महाग पडते ती अनेक वर्षांच्या कलाची चूक. १९७८ च्या टायरॉस-एन वरच्या एमएसयूपासून (एएमएसयू च्या आधीचं उपकरण) पुढचे सगळे उपग्रह एकामागून एक जोडले आणि सरळ रेषा ओढली, इतकं ते सोपं नाही. कक्षा हळूहळू खाली येते, ओलांडण्याची वेळ सरकते, उपकरण तापलं-निवलं की कॅलिब्रेशन हलतं. अलाबामातल्या स्पेन्सर आणि ख्रिस्टी यांनी १९९० मध्ये पहिली मोठी मालिका मांडली. कक्षा खालावल्याने तिच्यात खोटी थंडी शिरल्याचं १९९८ मध्ये वेंट्झ आणि शाबेल यांनी दाखवलं. २००५ मध्ये मीअर्स आणि वेंट्झ यांनी दिवस-रात्रीच्या दुरुस्तीतली चूक पकडली आणि तापण्याचा कल आणखी वाढला. मुरलेल्या लोकांचं हे झालं, तर सहा महिन्यांच्या प्रोजेक्टात कच्च्या फाइलींवरून कल काढायला जाऊच नये. दुरुस्त केलेली मालिका घ्या, शक्यतो दोन संशोधक गटांच्या, आणि फरक छापा.

शिवाजी विद्यापीठाच्या आवारातल्या एमएफ रडारवर काम करणाऱ्यांसाठी एक वेगळी सूचना. ते रडार साधारण ७० ते ९८ किलोमीटरवरचे वारे मोजतं आणि त्याला जोडायला तापमान हवं म्हणून लोक एएमएसयू-ए कडे वळतात. त्याच्या सगळ्यात वरच्या, चौदाव्या चॅनेलचा सगळ्यात जास्त भार चाळीसेक किलोमीटरवर असतो. त्यावरून रडारच्या उंचीवरचं काही ताणून काढायचा प्रयत्न करू नका. त्या उंचीसाठी ऑरा उपग्रहावरचा, २००४ पासूनचा एमएलएस (मायक्रोवेव्ह लिंब साउंडर) बघा. तो खाली न बघता क्षितिजाच्या कडेकडे बघतो, म्हणून उंचीचे थर वेगळे काढू शकतो.

आणि सरासरी काढण्याआधी क्वालिटी फ्लॅग, म्हणजे आकडा वापरण्याजोगा आहे का ते सांगणारी खूण, वाचा. अ‍ॅक्वा उपग्रहावरच्या एएमएसयू-ए चं चौथं चॅनेल निकामी झालेलं आहे, तरी त्याचा रकाना फाइलमध्ये असतोच.