रेझ्युमेवरचा सीसीआयई नंबर कसा वाचायचा

पुण्यात आमच्या नेटवर्क टीमसाठी मुलाखती घेतो, त्यामुळे रेझ्युमेवर सीसीआयई (नेटवर्किंग उपकरणं बनवणाऱ्या सिस्को कंपनीचं तज्ज्ञ पातळीचं सर्टिफिकेट) दिसलं की मी आधी नंबर शोधतो. नुसतं 'सीसीआयई रिटन' लिहिलं असेल तर नंबर असणारच नाही. लेखी परीक्षेवर तो मिळत नाही, लॅब म्हणजे प्रात्यक्षिक परीक्षा पास व्हावी लागते. आज लॅब आठ तासांची आहे. २००१ पर्यंत ती दोन दिवस चालायची. म्हणून चार आकडी, म्हणजे जुना, नंबर दिसला की मी जरा सावरून बसतो.

आता नंबरातून १०२४ वजा करा. सिस्कोनं १९९३ साली हे सुरू केलं तेव्हा मोजणी एकपासून धरलीच नाही. १०२४ म्हणजे दोनाचा दहावा घात, आपल्या धंद्यातला गोल आकडा. तोही कुणा माणसाला नाही दिला, खुद्द लॅबला दिला! १०२५ स्टुअर्ट बिग्ज यांचा, १०२६ टेरी स्लॅटरी यांचा. म्हणजे १०००० नंबरवाला साधारण ८९७६वा.

नंबर माणसाला मिळतो, ट्रॅकला (सीसीआयईच्या विषयशाखेला) नाही. एंटरप्राइझनंतर सिक्युरिटी केली तरी नंबर तोच राहतो, फक्त 'डबल सीसीआयई' म्हणवून घेता येतं. एकदा एका उमेदवारानं दोन ट्रॅकपुढे दोन वेगवेगळे नंबर लिहिले होते. मी विचारलं, "यातला तुमचा कुठला?" तो म्हणाला, "सर, दोन्ही." मुलाखत तिथंच आटोपली. (सीसीडीई या सिस्कोच्याच नेटवर्क डिझाइनच्या सर्टिफिकेटचा क्रमांक मात्र वेगळा असतो आणि वर्षानं सुरू होतो. तो दिसला म्हणून लगेच संशय घेऊ नका.)

सर्टिफिकेट अजून चालू आहे का, हे नंबरावरून कळत नाही. लोक इथंच फसतात. मुदत तीन वर्षांची असते. ती वाढवायला पुन्हा परीक्षा द्यायची, नाहीतर सिस्कोचे कोर्स वगैरे करून १२० क्रेडिट जमवायचे. मुदत संपली म्हणून तो नंबर दुसऱ्याला जात नाही, आणि रेझ्युमेवरूनही कुणी खोडत नाही. तेव्हा क्रेडली या डिजिटल सर्टिफिकेटांच्या साइटवरच्या बॅजची लिंक मागा आणि तारीख बघा.

'इमेरिटस' लिहिलं असेल तर माणूस जुनाजाणता, पण रोजच्या तांत्रिक कामातून बाहेर पडलेला असू शकतो. कॉन्फिगरेशन टाइप करायला बसवण्याआधी शेवटचा राउटर कधी हाताळला, ते विचारून घ्या.