गावचा पूल सभागृहात नेताना: आमदार कार्यालयासाठी कामाची पद्धत

ओढ्यावरचा पूल तीन वर्षं अर्धवट पडून आहे, असं गाऱ्हाणं घेऊन गावकरी आले की पहिला फोन उपअभियंत्याला करावा, मंत्रालयात नाही. निम्मी कामं तिथंच सुटतात. जी सुटत नाहीत त्यांची कागदपत्रं लगेच मागून घ्या: प्रशासकीय मान्यतेचा (कामाला मिळालेल्या सरकारी मंजुरीचा) क्रमांक आणि दिनांक, कार्यारंभ आदेश (ठेकेदाराला काम सुरू करायला सांगणारं पत्र), कामाची मुदत, आजवर दिलेली देयकं, ग्रामपंचायतीचा ठराव. हे हाती नसताना सभागृहात उठलेला आमदार पहिल्याच उत्तराला गप्प बसतो.

मग आयुध निवडा, म्हणजे विषय सभागृहात मांडायचा मार्ग. जुनं रखडलेलं काम असेल तर तारांकित प्रश्न, ज्याला मंत्री सभागृहात तोंडी उत्तर देतात. त्याच्या सूचना अधिवेशनाच्या बऱ्याच आधी द्याव्या लागतात, त्यामुळे विधानमंडळ सचिवालयाच्या परिपत्रकातल्या तारखा भिंतीवर लावून ठेवा. आकडेवारी हवी आणि तोंडी उत्तराची गरज नसेल तर लेखी उत्तराचा अतारांकित प्रश्न पुरतो. लक्षवेधी सूचना ताज्या आणि तातडीच्या बाबीसाठी. तीन वर्षांचा विलंब तिथं टिकत नाही, पण गेल्या आठवड्यात पुरात पर्यायी रस्ता वाहून गेला असेल तर टिकतो. औचित्याच्या मुद्द्यावर विषय मांडता येतो, मात्र मंत्र्यांनी तिथल्या तिथं उत्तर द्यायचं बंधन नसतं. हरकतीचा मुद्दा फक्त कामकाजाचा नियम मोडला जात असताना काढायचा; गावच्या तक्रारीसाठी तो वापरला की अध्यक्ष खाली बसवतात. न्यायप्रविष्ट बाब असेल तर सूचना आधीच नाकारली जाते, तेव्हा कोर्टात काही दाखल आहे का ते विचारून घ्या.

खरी कसोटी प्रश्नाच्या मसुद्यात आहे. ठरलेला साचा असा: ‘सन्माननीय सार्वजनिक बांधकाम मंत्री पुढील गोष्टींचा खुलासा करतील काय’, मग (१) अमुक हे खरे आहे काय, (२) असल्यास, चौकशी केली आहे काय, (३) असल्यास, त्यात काय आढळले व त्यानुसार कोणती कार्यवाही केली, (४) नसल्यास, विलंबाची कारणे काय. सगळा डाव पहिल्या भागावर. तिथं ‘काम निकृष्ट झाले असून ठेकेदार पळून गेला व अधिकारी दुर्लक्ष करीत आहेत’ असं तीन गोष्टींचं कडबोळं केलंत तर विभाग त्यातली एक चूक पकडून ‘हे खरे नाही’ लिहितो आणि उरलेल्या भागांना ‘प्रश्न उद्भवत नाही’. म्हणून पहिल्या भागात कागदावर सिद्ध होणारी एकच गोष्ट घाला: अमुक दिनांकाला कार्यारंभ आदेश दिलेलं काम मुदत संपूनही अपूर्ण आहे. तारीख चुकली तर सगळं गेलं.

प्रश्नोत्तराच्या तासात यादीतले थोडेच प्रश्न पुकारले जातात. उरलेल्यांची लेखी उत्तरं पटलावर (सभागृहापुढे) ठेवली जातात, ती तरी वाचा. आपला प्रश्न आला तर उपप्रश्न दोनच आणि छोटे: काम कोणत्या तारखेपर्यंत पूर्ण होणार? दंडाची कारवाई झाली का? भाषण केलंत की मंत्रीही भाषणच करतात. ‘सकारात्मक विचार करू’ याला काही किंमत नाही, ‘तपासून घेऊ’ यालाही फारशी नाही. ‘माझ्या दालनात बैठक लावू’ म्हणाले तर कधी, हे तिथंच विचारा.

पैशाचा मुद्दा असेल तर फेब्रुवारी-मार्चचं अर्थसंकल्पी अधिवेशन महत्त्वाचं. विभागाने खर्चासाठी केलेल्या मागणीवर कपात सूचना, म्हणजे ती रक्कम कमी करण्याची सूचना द्या: धोरणालाच विरोध असेल तर मागणी १ रुपयावर आणण्याची, विशिष्ट गाऱ्हाणं असेल तर ती १०० रुपयांनी कमी करण्याची. मागणीचा क्रमांक अचूक हवा. राहिलेली तरतूद मुंबईतल्या पावसाळी किंवा नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात पुरवणी मागण्यांतून (वर्षाच्या मध्येच मागितलेल्या जादा रकमेतून) येऊ शकते. तिचा प्रस्ताव विभागाकडून वित्त विभागाकडे आधीच गेलेला असावा लागतो.

मतदारसंघात परतल्यावर हारतुरे होऊ द्या, पण त्याच आठवड्यात कार्यवाहीची असुधारित प्रत काढा, मंत्र्यांचं वाक्य अधोरेखित करा आणि त्याचा हवाला देऊन कार्यकारी अभियंत्याला पत्र पाठवा. जावक क्रमांक आणि पोच हवीच. वहीत चार रकाने पुरतात: आश्वासन, तारीख, पाठवलेलं पत्र, आलेलं उत्तर. उत्तरच नाही आलं तर आश्वासन समितीकडे जा; मंत्र्यांनी सभागृहात दिलेली आश्वासनं पाळली का, हे ती पाहते. पंचायत समितीच्या आमसभेत आमदार अध्यक्षस्थानी असतो आणि तालुक्यातले खातेप्रमुख समोर बसलेले असतात. तिथं हीच वही उघडा.

मतदारसंघातली कामं आमदाराला सुचवता येतात तो आमदार स्थानिक विकास निधी वर्षाला ५ कोटी. ऐकायला मोठा वाटतो, गावांनी भागला की फार उरत नाही. आमदार फक्त काम सुचवतो, प्रशासकीय मान्यता जिल्हाधिकारी देतात, तांत्रिक मान्यता काम करणाऱ्या यंत्रणेचा अभियंता देतो. प्रस्ताव अडतो तो बहुधा जागेवर: सातबारा खासगी नावावर निघतो, किंवा ग्रामपंचायतीचा ठराव जोडलेला नसतो. शिफारशी मार्चच्या तोंडावर पाठवू नका, वर्षाच्या सुरुवातीलाच द्या. मध्येच निवडणुकीची आचारसंहिता लागली तर नव्या कामांच्या मान्यता थांबतात, आणि ज्यांचा कार्यारंभ आदेश निघाला नाही अशी कामं निकालापर्यंत तशीच पडून राहतात.